बातमी घेऊन कुणाच्या दारात जायचं असेल तर

मी कळव्यात राहते, पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आता रिटायर्ड. आमच्या पोलिस स्टेशनच्या महिला दक्षता समितीत आहे आणि त्या निमित्ताने गेल्या बारा-तेरा वर्षांत एक काम माझ्याकडे येत गेलं. रात्री-अपरात्री फोन येतो, "बाई, जरा येता का, एका घरी जायचंय." एवढंच बोलतात, पुढचं मला कळतं. कुणीतरी गाडीखाली आलेलं असतं, कुणी साइटवरून पडलेलं असतं, आणि त्या घरच्यांना अजून काहीच माहीत नसतं.

अमेरिकेत वगैरे पोलिस खात्यासोबत चॅप्लेन असतात, म्हणजे घरच्यांना बातमी सांगायला जाणारा, हॉस्पिटलात त्यांच्याजवळ बसणारा आणि पोलिसांचंही मन सांभाळणारा माणूस, त्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटनाच १९७३ पासून आहे. आपल्या लष्करात धर्मगुरू असतात, पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री. पोलिसात मात्र आपल्याकडे असं पद नाही. मग हवालदार जातो, आणि सोबत जो मिळेल तो, सोसायटीचा सेक्रेटरी, शेजारच्या काकू, शाखेतला एखादा मुलगा, मशिदीतले कुणी बुजुर्ग. म्हणजे हे काम उद्या तुमच्याकडेही येऊ शकतं, आणि कुणी शिकवलेलं नसतं म्हणून माणसं चुकतात. मी पण चुकलेय, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात पहिली गोष्ट, "सीरियस आहे" असं सांगू नका. आपल्याकडे ही सवय इतकी मुरलेली आहे की ते खोटं आहे हे पण कुणाला वाटत नाही, माणूस गेलेला असतो आणि आपण म्हणतो "अ‍ॅडमिट केलंय, तुम्ही चला". माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका आईला असंच सांगितलं होतं. तिचा मुलगा ट्रेनमधून पडला होता, जागच्या जागी गेला होता. मला वाटलं हॉस्पिटलात गेल्यावर डॉक्टर सांगतील, आपण कशाला. रिक्षात ती माझ्या शेजारी बसली होती आणि कळव्यापासून हॉस्पिटलपर्यंत पूर्ण वेळ हात जोडून एकवीरा आईला नवस बोलत होती, पोराला वाचव, पायी येईन, ओटी भरीन. मी गप्प बसून ऐकत होते. दीड-दोन महिन्यांनी तिच्याकडे गेले तर तिने मला विचारलं, "बाई, मी आईला बोललेय, आता तो नवस फेडायला लागंल का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती रिक्षातली वीस मिनिटं मी तिला दिली होती, तिला झेपणार नाही हे मीच परस्पर ठरवून टाकलं होतं. त्या दिवसापासून मी कुणालाही "सीरियस आहे" म्हणून सांगितलेलं नाही.

मग सांगायचं कसं. आधी खात्री करा, दोनदा करा. नुसतं नाव जुळलं म्हणून जाऊ नका, एका चाळीत एकाच नावाची दोन माणसं असतात, बापाचं नाव, पत्ता, आधार किंवा पास, अंगावरचे कपडे, सगळं हवालदाराकडून विचारून घ्या. एकट्याने जाऊ नका, वर्दीतला एक माणूस सोबत हवाच, नाहीतर लोकांना आधी विश्वास बसत नाही आणि मग आपल्याशीच भांडतात. घरात बाईमाणूस असेल तर आपल्यातही एक बाई हवी. जिन्यात, गॅलरीत, दारात उभ्याने सांगू नका, शेजारी दारं उघडून बघत असतात. "आत येऊ का?" म्हणा, आत जा, गॅस चालू असेल तर बंद करायला सांगा किंवा स्वतः करा, आणि त्यांना बसवा. लहान मुलं समोर असतील तर एखाद्या शेजारणीला त्यांना जरा पलीकडे न्यायला सांगा.

आणि मग एका वाक्यात सांगा. "वाईट बातमी आहे. तुमच्या मिस्टरांचा अपघात झाला आणि त्यात ते गेले." "आता ते आपल्यात राहिले नाहीत", "देवाघरी", "बघा, असं आहे की" असली वळणं घेऊ नका, त्या धक्क्यात माणसाला फिरवून बोललेलं कळत नाही, ते "म्हणजे कुठे आहेत?" असं विचारतात आणि मग पुन्हा सांगावं लागतं. सांगून झालं की गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे, ती शांतता भरून काढायला तोंडात काहीतरी येतंच, पण गप्पच बसा. कुणी किंचाळतं, कुणी तुम्हालाच मारतं, एक बाई उठून आमच्यासाठी चहा टाकायला लागली होती, मी तिला टाकू दिला आणि तिच्याबरोबर ओट्याशी उभी राहिले, साखर घालताना तिचा हात थांबला आणि मग ती रडली. "नक्की तेच आहेत ना?" असं पाच वेळा विचारतील, पाचही वेळा तेच उत्तर त्याच शब्दांत द्या, आणि आवाज चढू देऊ नका.

काय बोलू नये याची यादी मोठी होईल पण मुख्य सांगते. "देवाची इच्छा", "सुटला बिचारा", "एवढंच आयुष्य होतं", "मुलांकडे बघून खंबीर राहा", "मला समजतंय तुमचं दुःख". आणि "रडू नका" तर अजिबातच नाही. त्याऐवजी "मी इथेच आहे", "पाणी प्या", "कुणाला फोन लावू?" एवढं पुरतं. कुणी चुकीचं बोललं म्हणून त्याला टोकू पण नका, त्याला पण सुचत नसतं.

निघताना घरच्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा, मोबाइलचा चार्जर, पाण्याची बाटली आणि गेलेल्या माणसाचं आधार कार्ड पिशवीत टाका, त्यांना नाही सुचणार, तुम्ही टाका. चार्जर क्षुल्लक वाटतो पण गावाकडे पन्नास फोन जायचे असतात आणि पहाटे तीनला बॅटरी संपते.

आता हॉस्पिटल आणि कागद. हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे कारण लोक दुःखाने जेवढे मोडतात तेवढेच या खेपांनी पण मोडतात, आणि इथे शेजारी उभं राहणारा माणूस सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

आधी हद्द विचारा. रस्त्यावरचा अपघात असेल तर शहर पोलिस, रेल्वेच्या हद्दीत असेल तर लोहमार्ग पोलिस म्हणजे जीआरपी, ही दोन वेगळी खाती आहेत, आणि कळवा-मुंब्रा-दिवा पट्ट्यातली माणसं हमखास चुकीच्या स्टेशनला जाऊन बसतात. अपघाती मृत्यूची आधी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते, सगळे एडी किंवा एडीआर म्हणतात, पूर्वी सीआरपीसी म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्याचं कलम १७४ होतं, १ जुलै २०२४ पासून ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ झालंय. त्या नोंदीचा नंबर आणि तपासी अंमलदाराचं नाव-मोबाइल एका कागदावर लिहून घ्या, पुढचे सहा महिने सगळीकडे तोच नंबर लागतो. मग इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, मग पीएम म्हणजे शवविच्छेदन, मग ताबा पावतीवर सही करून बॉडी मिळते. पीएमला सरकारी हॉस्पिटलात पैसे लागत नाहीत, कुणी "चहापाणी" मागितलं तर तपासी अंमलदाराला तिथल्या तिथे फोन लावा. संध्याकाळ झाली म्हणून पीएम उद्याच असं प्रत्येक वेळी असतंच असं नाही, नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने सूर्यास्तानंतरही पीएम करायला परवानगी दिली, जिथे सोय आहे तिथे, पण खून, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू यात सहसा रात्री करत नाहीत. विचारून बघा, मुंब्र्यातल्या घरांना तर हे फारच महत्त्वाचं असतं, दफन लवकर व्हावं असं त्यांना वाटत असतं आणि "सकाळपर्यंत थांबा" हे ऐकणं त्यांना फार जड जातं. पीएम होणार की नाही यावर वाद घालण्यात मात्र वेळ घालवू नका, अपघाती मृत्यूत ते सहसा टळत नाही, हे घरच्यांना आधीच शांतपणे सांगितलेलं बरं.

रिपोर्टवर कधी कधी लिहिलेलं असतं की मृत्यूचं कारण राखून ठेवलंय, व्हिसेरा म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने लॅबला पाठवलेत. हे वाचून घरचे घाबरतात, काहीतरी लपवतायत असं वाटतं. त्यांना सांगा की तपासणी बाकी आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि याला महिने लागू शकतात.

ओळख पटवायला कुणी जायचं हे पण तुम्ही ठरवू नका. माणसं म्हणतात "बायकोला नका दाखवू, सहन नाही व्हायचं". तिला विचारा. आधी कपडे, चप्पल, घड्याळ, अंगावरची खूण यावरून पटतंय का बघायला हवालदाराला सांगा. आत जायचंच असेल तर जायच्या आधी काय दिसणार ते साध्या शब्दांत सांगा, खोली थंड असेल, वास येईल, अंगावर चादर असेल, चेहऱ्याच्या या बाजूला मार आहे. आधी ऐकलेलं असलं की बघणं थोडं तरी सुसह्य होतं. आत तिच्या मागे नाही, बाजूला उभे राहा. आणि नाही म्हणाली तर नाही, नंतर कुणी तिला "तू शेवटचं तोंड पण पाहिलं नाहीस" असं बोललं तर तिच्या बाजूने उभे राहा.

मोठी दुर्घटना असली की सगळंच बदलतं. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला ती इमारत कोसळली, ७४ जण गेले, मजूर, त्यांच्या बायका, लहान मुलं. बांधकाम चालू असतानाच लोक तिथे राहत होते. अशा वेळी एकेका घराला एक माणूस बांधून द्या, हाच माणूस शेवटपर्यंत. नाहीतर दहा जण येऊन दहा गोष्टी सांगतात, एक म्हणतो ढिगाऱ्यात आवाज आला, दुसरा म्हणतो वाशीला नेलंय, आणि घरचे धावत सुटतात. जे पोलिसांनी किंवा आपत्ती विभागाने सांगितलंय तेवढंच बोला. "अजून कळलेलं नाही, कळलं की पहिल्यांदा तुम्हालाच सांगेन" हे वाक्य खरं आहे आणि त्याने माणूस एका जागी बसतो. पण मग खरंच पहिल्यांदा त्यांना सांगा, चॅनलवाल्यांच्या आधी.

डोंबिवली एमआयडीसीत मे २०२४ मध्ये स्फोट झाला तेव्हा काही जणांची ओळख डीएनएशिवाय पटण्यासारखी नव्हती. डीएनएसाठी रक्ताच्या नात्यातलं माणूस लागतं, आई, वडील, मुलगा, मुलगी. बायकोचं रक्त घेऊन ओळख पटत नाही, आणि ती बिचारी मीच सगळ्यात जवळची म्हणून दिवसभर लाइनीत बसलेली असते. हे तिला आधी सांगा, आणि गावाहून सासू-सासऱ्यांना बोलवायला मदत करा. शहापूरला समृद्धीच्या कामावर ऑगस्ट २०२३ मध्ये गर्डर लाँचर म्हणजे पुलाचे तुळईसारखे भाग चढवणारं यंत्र पडलं, २० कामगार गेले, बरेचसे परराज्यातले. अशा वेळी घरच्यांना फोनवरच सांगावं लागतं, मग आधी गावातलं एखादं जाणतं माणूस किंवा तिथलं पोलिस ठाणं शोधा, ते घरात पोचल्यावर बोला, एकट्या बाईला मोबाइलवर बातमी ऐकवून फोन ठेवू नका. बॉडी विमानाने न्यायची तर एम्बामिंगचं, म्हणजे देह टिकवायची प्रक्रिया केल्याचं सर्टिफिकेट आणि पोलिसांची एनओसी लागते.

आणि इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ ची रात्र, पनवेलच्या पुढे, खालापूर तालुक्यात, डोंगर आला वाडीवर. वर गाडी जात नव्हती, सगळं पायी, वरून पाऊस. २७ जणांचे देह मिळाले आणि ५७ जण मिळालेच नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवला. ज्यांना देह मिळाला नाही त्यांना आपण काय म्हणणार? "आता सोडून द्या" म्हणू नका एवढं मला नक्की कळतं. त्यांनी माती आणली, कपडा ठेवला, फोटो ठेवला, जे काही करायचंय ते करू द्या आणि त्याला रीतीत बसतं का बसत नाही यावर चर्चा करू नका.

धर्माचं पण तेच. मी माळकरी आहे, दर एकादशीला माझा उपास असतो, पण कुणाच्या दारात मी विठ्ठलाचं नाव आपणहून काढत नाही. विचारते, "तुमच्यात कसं करतात? कुणाला बोलावू?" बौद्ध घरात वंदना असते, दहावं-तेरावं नसतं, तिथे जाऊन "पिंडाला कावळा" असलं बोललं तर ते दुखावतात आणि बरोबरच आहे त्यांचं. ख्रिश्चन घरात फादरना फोन. आणि काही घरांत काहीच नको असतं, तेही ठीक. त्यांनी म्हटलं "ताई, तुम्हीच काहीतरी म्हणा" तर मी हरिपाठातल्या दोन ओळी म्हणते, नाहीतर नुसती बसते.

आत्महत्या असेल तर "का केलं?" विचारू नका, पोलिस त्यांच्या कामासाठी विचारतीलच, तुम्ही नाही. कसं केलं याची चर्चा जिन्यात होत असेल तर थांबवा, चिठ्ठीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरू देऊ नका. घरच्यांच्या डोक्यात "मी त्या दिवशी असं बोललो नसतो तर" हे चालू असतं, ते ऐकून घ्या, लगेच "तुमची चूक नाही" म्हणून झाकू नका, दोन-तीनदा पूर्ण बोलून झालं की मग सांगा. आणि त्या घरात अजून कुणी खूप गप्प झालं असेल तर सरळ विचारा, "मरायचे विचार येतायत का?" विचारल्याने ते डोक्यात जात नाही. टेलिमानस म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, फुकट आहे. नंबर नुसता देऊ नका, शेजारी बसून लावून द्या. आणि विचार अगदी डोक्यावर बसलेत असं वाटलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका.

आता पोलिसांबद्दल, कारण हे कुणी लिहीत नाही. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर लोकलमधून माणसं पडली तेव्हा सगळ्या देशाने पाहिलं, पण या लाइनीवर असं एक-एक माणूस पडत असतंच आणि ते उचलायला, त्याच्या खिशातलं काढून यादी करायला कुणीतरी पंचवीस वर्षांचा शिपाई असतो. असाच एक पोरगा, पंचनाम्यात लिहीत होता, "पाकीट एक, मोबाइल एक, तीन पुडांचा स्टीलचा डबा एक". दुसऱ्या दिवशी त्या माणसाची बायको सामान घ्यायला आली. डब्यातली भाजी सांडली होती, पोळ्या आत तशाच होत्या, वास यायला लागला होता. तो पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, धुऊन देऊ का? असा कसा देणार तिला?" मी म्हटलं, तिलाच विचार. त्याने विचारलं. ती म्हणाली, "नको, तसाच द्या. मी घासते." तिने तो ओढणीत गुंडाळला, पावतीवर सही केली आणि गेली. पोरगा मागच्या आवारात जाऊन नळ सोडून उभा राहिला, बराच वेळ नुसता हात धुत होता.

अशा वेळी त्याच्याजवळ जा. "होतं असं, सवय होईल" म्हणू नका. "जेवलास का?" विचारा, आणि नसेल जेवला तर जेवायला घेऊन जा, काहीतरी साधं, वडापाव पण चालेल, त्याला मटण-बिटण नको वाटतं दोन दिवस. तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर शेजारी बसा. त्याच्या साहेबांना सांगता आलं तर सांगा की उद्या याला परत अशाच कॉलला पाठवू नका. आणि आठवड्याने पुन्हा विचारा, झोप लागते का, पिणं वाढलंय का, घरी चिडचिड होते का. १४४१६ त्यांच्यासाठी पण आहे, पण शिपाई स्वतःहून फोन करत नाही, "खात्यात कळलं तर" ही भीती असते. म्हणून मी सांगते, तुझं नाव-बक्कल नंबर काही सांगू नकोस, नुसतं बोल.

दहाव्या-तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, खरं काम त्यानंतर सुरू होतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाली की दंड नाही, मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदम काढून ठेवा. चालत्या लोकलमधून पडून मृत्यू असेल तर रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलकडे ८ लाखांचा दावा करता येतो, एक वर्षाच्या आत, रूळ ओलांडताना झालेल्या अपघाताला हा लागू होत नाही. म्हणून पास-तिकीट जपा, पंचनाम्यात त्याची नोंद आहे का बघा, आणि नसेल सापडलं तरी दावा त्यावरून आपोआप बाद होत नाही, वकिलाला दाखवा. वाहन धडकून पळालं असेल तर हिट अँड रनमध्ये मृत्यूला २ लाख असतात. आणि एक गोष्ट कुणालाच माहीत नसते, गेलेल्या माणसाचं बँक पासबुक घ्या आणि मे-जूनच्या पानावर २० रुपये कापलेत का बघा. तो पंतप्रधान सुरक्षा विम्याचा हप्ता असतो, अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, बँकेत एडीचे कागद, पीएम रिपोर्ट आणि दाखला घेऊन लवकर जायचं, महिनाभराच्या आतच गेलेलं बरं. मागे एका घरी मी असंच पासबुक उघडून बघितलं, ४३६ रुपये पण कापलेले निघाले, म्हणजे जीवन ज्योती या दुसऱ्या सरकारी विम्याचेही २ लाख. त्या बाईला नवऱ्याने कधी सांगितलंच नव्हतं, ती कितीतरी वेळ त्या दोन आकड्यांवरून बोट फिरवत बसली होती.

पैशाचं बोलताना मात्र घाई करू नका. राख सावडायच्या आधी "क्लेम" शब्द काढला की नातेवाइकांत कुजबुज सुरू होते आणि सून बदनाम होते. तिलाच आधी एकटीला सांगा, कागद एका फाइलमध्ये लावून द्या, केव्हा जायचं ते तिला ठरवू द्या.

घरी आल्यावर मी अंघोळ करते, दिवा लावते आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या घरी जात नाही. तुम्हीही स्वतःसाठी एवढं काहीतरी ठेवा. आणि सलग दोन-तीन अशा घरी जाऊन आलात तर चौथ्या वेळी नाही म्हणा, दुसऱ्याचं नाव सुचवा. मी तीन बायका तयार केल्यात त्यासाठी, एक मुंब्र्याची, एक दिव्याची, एक विटाव्याची.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी एक फोन, तीन महिन्यांनी एक चक्कर, आणि वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन, कारण त्या दिवशी सगळे येतात पण आदल्या रात्री ती एकटी जागी असते. फोनवर "कशी आहेस" विचारू नका, त्याला काय उत्तर देणार. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, "उद्या यांचा दिवस ना, आठवण आली म्हणून फोन केला", आणि तिला बोलायचं असेल तेवढा वेळ फोन चालू ठेवा.